नागम्माच्या भिंतीवरची जोडी

लातूरच्या शिकवणीच्या गल्लीत शिवलिंग फोटोवाल्याचं दुकान होतं, आणि तिथं हसायला मनाई आहे असं पोरं म्हणायची. खोटं नव्हतं ते. खेड्यापाड्यातून आलेली अकरावी-बारावीची पोरं फॉर्मला लावायला आठ फोटो मागायची, आणि हा त्यांना पांढऱ्या पडद्यापुढं बसवून खेकसायचा, "तोंड मीट. कान दिसू दे. दात कामून दाखवायलास, डॉक्टर व्हायचंय का मंजन विकायचंय?" पोरं घाबरून सरळ बसायची, आणि फोटो मात्र असा यायचा की बघून आईचा जीव थंड व्हावा. पन्नाशीच्या ह्या माणसानं लग्नं टिपली हजारभर, स्वतः बिनलग्नाचा राहिला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "हलवाई मिठाई खातो का कधी?"

खरं कारण हलवायाचं नव्हतं. त्र्याण्णव साली दुकान निलंग्यात होतं. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे भूकंप झाला, तेव्हा पंचनाम्यासाठी मढ्यांचे फोटो काढायला शिवलिंगला जीपमध्ये घालून नेलं. नऊ दिवस तो तेच करत होता. परत आल्यावर आई पोरींची स्थळं सांगायची आणि हा ताटावरून उठून जायचा. जित्या माणसाच्या तोंडाकडं फार वेळ बघवत नव्हतं त्याला. काचेतून बघितलं तरच बघवायचं.

भूकंप झाला तो गुरुवार होता, आणि त्याच गुरुवारी अकरा वाजता त्याच्या दुकानात एका जोडीचा फोटो ठरलेला होता. पोरगी निलंग्याचीच, शिवगंगा. पोरगा बसवराज, भूकंपाच्या पट्ट्यातल्या गावचा, पहिल्या गाडीनं येणार होता. साखरपुड्याआधी जोडीचा फोटो काढून तो मामा-काकांकडं पाठवायचा, अशी त्याच्या आईची, नागम्माची हौस. आठ दिवस आधी येऊन तिनं मागचा पडदासुद्धा पसंत केला होता, तळ्याचा. त्या गुरुवारी तिकडं किती नासधूस झाली ते अजून कळलं नव्हतं, म्हणून शिवगंगा तयार होऊन बसली, आणि गाडी आलीच नाही. नागम्माला दुसऱ्या दिवशी तुळईखालून जिती काढली. नवरा आणि बसवराज गेले. ‘पायाखालची जमीन सरकली’ असं आमच्याकडं उगाच कुणी म्हणत नाही.

दीड महिन्यानं नागम्मा दुकानात आली. हातात कॉलेजचा ग्रुप फोटो, त्यात तिसऱ्या रांगेत हरभऱ्याएवढं बसवराजचं तोंड.

"जोडीचा फोटो ठरलाता न्हवं? मग काढ."

"अव्वा, कसा काढू आता?"

"तुला येतं," नागम्मा म्हणाली. "तिचा हाय तुझ्यापाशी. त्याचा मी आणलाय."

शिवगंगाचा, स्थळांना दाखवायला काढलेला फोटो होता त्याच्याकडं. फोटोवाले जोडफोटो करतातच, परगावच्या भावाला आईशेजारी बसवून देतात. त्यानं कापलं, चिकटवलं, ब्रशानं कडा मारल्या आणि वरून पुन्हा फोटो काढला. तळ्यापुढं बसवराज आणि शिवगंगा. म्हातारीच्या जिवाला तेवढाच आधार, असं त्याला वाटलं.

पण नागम्मा पाच वर्षांनी पुन्हा आली. म्हणाली, "ह्याच्या बरोबरीच्यांना टक्कल पडायलंय, आन् हा अजून पोरगाच. मोठा कर की रे." तोवर शिवगंगाचं लग्न होऊन ती लातुरात नांदत होती, आणि शिवलिंगही शिकवण्यांच्या मागोमाग लातूरला आला होता. तिच्या पोरीचं बारसं, वास्तुशांती, तिच्या खानावळीचं उद्‌घाटन, सगळ्याचे फोटो हाच काढायचा. थोरला भाऊ मानून ती त्याला अण्णा म्हणायची. त्याच फोटोंतला तिचा हसरा चेहरा उचलून त्यानं दुसरी जोडी केली. मग तिसरी. कॉम्प्युटर आल्यावर तर काम सोपंच झालं. बसवराजचे केस पांढरे झाले, त्याला चष्मा लागला. तेवीस वर्षांत सात जोड्या झाल्या, आणि शिवगंगाला त्यातली एकही ठाऊक नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती उघडली त्या दिवशी शिवगंगा आपली पोरगी स्वप्नाली आणि होणारा जावई वीरेश ह्यांना घेऊन दुकानात आली होती. साखरपुडा चार दिवसांवर, दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीचं फोटोसेशन, आणि आज त्याची तयारी. कुठली साडी, कुठला सदरा, कसं उभं राहायचं. वीरेश शिकवणीत रसायनशास्त्र शिकवायचा. शिवलिंगनं त्याला स्वप्नालीशेजारी उभं केलं तर गडी दोन्ही हात मांडीला चिकटवून ताठ.

"अहो सर, हॉलतिकिटाचा फोटो न्हाई हा! जरा बघा तिच्याकडं. उद्या जन्मभर बघायचंय, आज फुकट हाय तोवर घ्या बघून."

पोरगी खुदकन हसली. शिवगंगाही हसली, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून स्टुलावर बसली. शिवलिंग म्हणाला, "थांबा, कसं उभं राहायचं ते जुन्या जोड्या दाखवतो," आणि त्यानं कॉम्प्युटरवरचं ‘जोडी’ नावाचं फोल्डर उघडलं.

चुकीचं फोल्डर होतं ते.

पहिलाच फोटो पडदाभर पसरला. स्वप्नालीचं हसू तोंडावरच राहिलं. "मम्मी, ही तू हायस. पण हे कोण?"

शिवलिंगनं बंद करायला बटण दाबलं तर पुढचा फोटो आला. आणखी दाबलं, आणखी पुढचा. शिवगंगा तिशीतली, पस्तिशीतली, चाळिशीतली, आणि शेजारी तोच माणूस, दर फोटोत थोडा जून होत गेलेला. शिवलिंगची पाचावर धारण बसली.

शिवगंगा उठून पडद्याजवळ आली. त्या माणसाला तिनं आयुष्यात एकदा बघितलं होतं, पोहे देताना. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षी मातीखाली गेला होता. आता चष्म्याआडून, कानाजवळचे केस पांढरे घेऊन तो तिच्याकडं बघत होता. तरी तिनं ओळखला.

"तुम्ही दोघं घरी जा," ती पोरांना म्हणाली.

"पण मम्मी..."

"जा म्हणलं न्हवं!"

पोरं गेल्यावर शिवलिंगनं सगळं सांगितलं, मान वर न करता. शिवगंगा ऐकत होती. नवऱ्याच्या घरी तिचं सगळं चांगलं चाललेलं. चार दिवसांनी पोरीचा साखरपुडा. आणि इकडं कुणाच्या तरी भिंतीवर ती तेवीस वर्षं मेलेल्या माणसाबरोबर नांदत होती. तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

"कुठं हाय ती भिंत? मला ने. माझ्या पोरीच्या मंगलकार्याआधी ते फोटो तिथून निघाले पाहिजेत."

दोघं जीपनं गेले. दीड तासाची वाट होती. भूकंपानंतर वसवलेलं ते गाव, सगळी घरं एका साच्यातली, दारावर फक्त आकडे वेगळे. दुपारचं रणरणतं ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. नागम्मा उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. एक डोळा गेलेला, दुसरा धूसर.

"शिवलिंगा, आलास व्हय?" ती पावलांवरूनच म्हणाली. "नातीच्या, स्वप्नालीच्या साखरपुड्याचा फोटो आणलास?"

"अव्वा, उद्या काढायचाय तो."

"संगं कोण हाय? बस बाई. खाली बसू नको, तिथं खुर्ची घे. गुडघा दुखतो न्हवं तुझा?"

शिवगंगा खुर्चीकडं जाता जाता थांबली. तिनं शिवलिंगकडं बघितलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. गुडघ्याचं त्यानं म्हातारीला कधी सांगितलं नव्हतं, अगदी शप्पथ.

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझी सून सांगायलीय की, सहा महिने झाले," नागम्मा म्हणाली आणि भिंतीकडं बोट केलं.

सात चौकटी ओळीनं. हार नव्हता कुठल्यावर, पण दरेक शिवगंगाच्या कपाळावर काचेवरून ताजं कुंकू होतं. खाली चटई आणि चटईवर दोन ताटं, धुऊन पालथी घातलेली. शिवगंगा बघत राहिली. खोटं कशाला बोला, त्या सातही फोटोंत ती खुशीत दिसत होती. शिवलिंगनं तिचे हसरेच चेहरे तेवढे वेचले होते. खऱ्या संसारात ती किती रडली, ते ह्या भिंतीला माहीतच नव्हतं.

"अव्वा, मी शिवगंगा," ती शेवटी म्हणाली. "मी जिती हाय. मला नवरा हाय. मला हितून काढा."

नागम्मा लसूण सोलायची थांबली. तिनं ना हंबरडा फोडला, ना पाय धरले.

"मला ठावं हाय बाई. मी येडी न्हाई. तू तुझ्या घरची, ही माझ्या घरची. पण तुला नको असंल तर ने तुझं तू. माझा तेवढा मला ठेव."

शिवगंगानं चौकटी उतरवल्या, मागचे खिळे उचकटले आणि कोनाड्यातली कात्री शिवलिंगपुढं धरली. "तूच जोडलंस, तूच काप."

सात फोटो त्यानं मधोमध कापले. तिचे अर्धे तिला दिले, बसवराजचे अर्धे म्हातारीच्या मांडीवर ठेवले. सुटलं एकदाचं, असं शिवगंगाला वाटलं. ती आपले अर्धे पिशवीत घालायला लागली आणि थबकली. दरेक तुकड्यावर, तिच्या खांद्यावर एक हात तसाच राहिला होता. मनगटापासून तुटलेला. तिनं नखानं खरवडला तर तिचाच खांदा खरवडला गेला.

"हा हात कुणाचा?"

शिवलिंगनं हातातली कात्री मिटली.

"अण्णा, त्याचा तर नुसता तोंडाचा फोटो होता. मग हा हात कुणाचा?"

"उजेड जुळायला खरं माणूस बसवावं लागतं," तो पुटपुटला. "गळ्याखालचं सगळं..."

"कुणाला बसवलंस?"

"मीच बसायचो."

कामापुरता बसायचो, असं त्याला पुढं म्हणायचं होतं. तेवीस वर्षं स्वतःला तो तेच सांगत आला होता. पण जोडीचा फोटो करायच्या दिवशी तो नवा सदरा घालायचा, गुळगुळीत दाढी करायचा, आणि दुकानाचं दार आतून लावून घ्यायचा. गळ्याखालच्या फोटोला दाढी कशाला लागते? शिवलिंगला ते आत्ता, तिच्यापुढं उभं असताना कळलं, आणि शरमेनं त्याचे कान तापले.

शिवगंगानं एकदा तुकड्यावरच्या हाताकडं बघितलं आणि एकदा कात्री धरलेल्या त्याच्या हाताकडं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुला अण्णा म्हणत होते," ती म्हणाली. मग पदर सावरून उठली. "उद्या पोरांचे फोटो तू काढू नको. मी दुसरं कुणी बघते. आन् आमच्या घरच्या कुठल्याच कार्याला येऊ नको."

ती लंगडत गल्लीतून गेली. शिवलिंगला तिच्या मागं जायचं होतं, पण तोंड नव्हतं. तो चटईवर मटकन बसला.

नागम्मा मांडीवरचा एकेक तुकडा उचलून चांगल्या डोळ्याशी नेत होती. पहिला बघितला, दुसरा बघितला, तिसऱ्याला तिचा जीव कासावीस झाला. "अरे, ह्याचा हात कुठं हाय? माझ्या पोराचा हात कुठं गेला?" ती चटई चाचपायला लागली, ताटांखाली, सांडलेल्या लसणात.

शिवलिंगनं आपला हात पुढं केला. म्हातारीला तो सापडला. तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला, बोटं एकेक करून मोजली.

"बसवराजा, लई गार पडलायस रे," ती म्हणाली.

त्यानं हात सोडवून घेतला नाही.