देवस्थळींची उडती पाचर

इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोकमध्ये पाठांतरावर हुशार ठरलेली मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण गिरीश देवस्थळीसारखा नग एकच. तो माझ्याच ऑफिसात टेस्टिंग मॅनेजर. मी शेजारच्या टीममध्ये आणि त्याची बायको चैत्राली माझी मैत्रीण, त्यामुळे हा मनुष्य मला ऑफिसातही सोसावा लागे आणि त्याच्या घरी जेवायला गेलं की तिथेही.

२००५च्या दिवाळीनंतर आमची कंपनी शिकागोच्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली आणि देवस्थळीला अमेरिकेचे डोहाळे लागले. शिकागोच्या हेड ऑफिसात एक वरची जागा निघणार होती. ती त्याला इतकी हवी होती, की त्यानं इथल्या घराचं गळकं छप्पर दुरुस्त करायचंच सोडून दिलं. "आता कशाला खर्च? जायचंच आहे," असं तो चैत्रालीला ऐकवायचा. ती बिचारी माळ्यावर बादली ठेवायची आणि पाऊस थांबला की ओतून यायची.

अमेरिकन साहेबावर छाप पाडायची तर त्यांचं फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचं ते, यायला हवं, असं त्यानं ठरवलं. इथवर ठीक. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? टीव्ही लावून दोन मॅचेस बघितल्या असत्या. देवस्थळी पडला बोर्डात आलेला. त्यानं लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं मागवली आणि धडा पहिला उघडला. १८६९, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, या खेळाचा पहिला सामना. मग हार्वर्ड, येल, मग १९०३ साली कार्लाइल शाळेच्या पोरांनी चेंडू एकाच्या जर्सीत पाठीवर लपवून हार्वर्डला कसं फसवलं ते. महिनाभरात त्याला हे सगळं घडाघडा म्हणता येऊ लागलं. सामना मात्र त्यानं आजवर एकही पाहिला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "टीव्हीवर आजचं दाखवतात गं. माझं अजून एकोणीसशे एकोणतीस चालू आहे." हा विनोद नव्हता. पोर्शनमध्ये न आलेला भाग बघणं त्याला खरोखरच पाप वाटत होतं.

त्या एकोणतीस सालातला रॉय रीगल्स हा त्याचा लाडका. भर सामन्यात हा खेळाडू चेंडू घेऊन उलट्या दिशेला, म्हणजे स्वतःच्याच टोकाकडे धावत सुटला होता. देवस्थळी ही गोष्ट इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात माइक न सोडता सांगत बसला आणि स्वतःच हसला. तोच रीगल्स विश्रांतीनंतर पुन्हा मैदानात उतरला आणि जीव तोडून खेळला, हे त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होतं. चैत्रालीनं ते वाचलं होतं. देवस्थळी तिथवर कधी जायचाच नाही. चुकणाऱ्याला हसून झालं की त्याच्यापुरता इतिहास संपायचा.

जूनमध्ये शिकागोहून सात-आठ जणांना घेऊन कॅरल आली. त्या जागेवर कोण जाणार हे तीच ठरवणार होती. पन्नाशीची, मोकळी बाई. देवस्थळीनं तिला पहिल्याच आठवड्यात घरी जेवायला बोलावलं आणि तोंडीलावणं म्हणून मलाही. चैत्राली दोन दिवस राबली होती. अळूची भाजी, मसालेभात, बेसनाचे लाडू, सगळं साग्रसंगीत. कॅरलनं पहिला लाडू खाऊन डोळे मिटले आणि चैत्रालीला विचारलं, "हे कसं करतात?" चैत्राली उत्तर द्यायला तोंड उघडते तोच नवरा मध्ये पडला. त्याला उडती पाचर सांगायची होती.

उडती पाचर म्हणजे १८९२ साली हार्वर्डनं येलविरुद्ध काढलेली चाल. खेळाडूंनी पाचरीच्या आकारात एकमेकांना चिकटायचं, चेंडूवाल्याला मध्ये घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून समोरच्यावर आदळायचं. देवस्थळीनं आमच्या ताटातल्या वाट्या उचलल्या, टेबलावर पाचरीसारख्या मांडल्या, मध्ये लाडू ठेवला. "हा चेंडू," म्हणाला आणि सगळं लटांबर कॅरलच्या दिशेनं ढकललं. पुढच्या वाटीतली आमटी टेबलक्लॉथवर सांडली. चैत्राली फडकं आणायला उठली. "लोकांची हाडं मोडायची हो!" तो कौतुकानं सांगत होता. "दोन वर्षांत बंदी आली." कॅरल म्हणाली, तिचे दोन्ही भाऊ कॉलेजात फुटबॉल खेळायचे. त्यावर यानं काय विचारावं? भाऊ कसे खेळायचे, हे नाही. त्यांना १८९२ ठाऊक आहे का, हे.

दोन दिवसांनी ऑफिसचा समर डे होता, घरच्यांसकट. बिझनेस पार्कमागच्या हिरवळीवर बार्बेक्यू आणि शिकागोच्या पाहुण्यांविरुद्ध फुटबॉलचा मैत्रीचा सामना. अंगाला अंग लावायचं नाही, चेंडूवाल्याच्या कमरेची पट्टी ओढली की तो थांबला, इतकं सोपं. देवस्थळी अर्थातच आमच्या टीमचा कोच झाला. कोच, खेळाडू नव्हे. गळ्यात शिट्टी घालून तो कडेला उभा राहिला.

त्याच्या हाताखाली पुष्कर नावाचा नागपूरचा मुलगा होता, टीममधला सगळ्यात धिप्पाड. पाचरीचं टोक म्हणून देवस्थळीनं त्याला पुढे काढलं.

"सर, अंगावर जायचं नाही म्हणालेत ना?" पुष्करनं विचारलं.

"रूल्स वाचलेस का? टॅकल करून पाडायचं नाही, एवढंच लिहिलंय. पाचरीबद्दल एक शब्द नाही."

"पण सर, समोर कॅरल आहेत."

"पुष्कर, तुझं वर्क परमिट सप्टेंबरमध्ये संपतंय ना? एक्स्टेन्शनचं माझ्याकडे आलंय. तू खेळ फक्त."

हे मी शेजारी उभी राहून स्वतःच्या कानांनी ऐकलं. किळस आली मला त्या माणसाची.

शिट्टी वाजली. आमची पोरं एकमेकांना बिलगून धावत सुटली, टोकाला पुष्कर. समोरचे पाहुणे हसत बाजूला झाले. कॅरलला वेळेवर बाजूला होता आलं नाही. पुष्करनं अंग चोरायचा प्रयत्न केला, पण मागून सगळ्यांचा रेटा. ती हातावर पडली आणि मनगट मोडल्याचं लांबूनसुद्धा कळलं.

फर्स्ट एडवाल्यानं हात गळ्यात बांधून दिला. हॉस्पिटलला न्यायला गाडी येईपर्यंत कॅरल पिकनिकच्या टेबलाशी बसली. चेहरा पांढराफटक. पुष्कर समोर उभा राहून पुन्हा पुन्हा "आय ॲम सो सॉरी" म्हणत होता. आणि देवस्थळी? तो धावत आला, कॅरलकडे बघून हळहळला आणि सगळ्यांसमोर पुष्करवर ओरडला.

"हे काय केलंस तू? कुणी सांगितलं होतं असलं काही करायला?" मग कॅरलकडे वळून, आवाज मऊ करून इंग्रजीत म्हणाला, "यंग बॉइज. कुठेतरी इंटरनेटवर बघतात. मी याच्याशी फॉर्मली बोलतो."

पुष्करनं मान खाली घातली. सप्टेंबर त्याच्या डोक्यात असणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कॅरलनं चांगल्या हातानं टेबलावरचा ज्यूसचा कागदी पेला उचलला आणि स्वतःसमोर ठेवला. मग त्याच्या मागे दोन, त्यांच्या मागे आणखी दोन. सावकाश, एका हातानं. पाचर तयार झाली. तिनं मान वर करून देवस्थळीकडे बघितलं.

देवस्थळी पेल्यांकडे बघत राहिला. सगळा इतिहास तोंडपाठ असलेल्या त्या मनुष्याला आपण परवा कुणाच्या समोर वाट्या मांडल्या होत्या एवढं आठवलं नव्हतं. आता आठवलं. "नाही, म्हणजे, ते फक्त हिस्टॉरिकल कॉन्टेक्स्ट म्हणून..." असं काहीतरी तो पुटपुटला.

चैत्राली माझ्या मागे उभी होती. कॅरलला आवडले म्हणून ती आज मुद्दाम लाडवांचा डबा घेऊन आली होती. ती पुढे झाली, डबा उघडला आणि एक लाडू काढून पेल्यांच्या बरोबर मध्ये ठेवला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "चेंडू राहिला होता."

मग तिनं दुसरा लाडू काढून पुष्करच्या हातावर ठेवला, "खा रे," म्हणाली, आणि कॅरलच्या शेजारी जाऊन बसली. गाडी आल्यावर कॅरलनं हॉस्पिटलला सोबत म्हणून तिलाच नेलं.

संध्याकाळी चैत्रालीला हॉस्पिटलमधून घरी सोडायला मीच गेले. गाडीत बसल्या बसल्या तिनं पर्समधून फोन काढला. मला वाटलं, नवऱ्याला करतेय. तिनं छप्पर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला होता.