सायकलच्या पायातला काटा

रविवारी सकाळी साताऱ्याबाहेरच्या कॅनॉलवर माझा जीव टांगणीला लागला होता… तोही एका सेफ्टी पिनेमुळे.

आधी थोडं मागचं सांगते. माझी सायकल स्टीलची, हार्डटेल. म्हणजे पुढे शॉकअप आणि मागे काहीच नाही. जड आहे, पण कच्च्या रस्त्यावर शहाण्यासारखी चालते. आमच्याकडे कच्चा रस्ता म्हणजे बाभळी, आणि बाभळी म्हणजे पंक्चर…

मागच्या वर्षी एकटी गेले असताना दोन्ही ट्यूब गेल्या. फोनला रेंज नाही. सायकल ढकलत घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. माझी आई आमच्याकडेच राहते. ती गेटला धरून उभी होती. तिचं बीपी एवढं वाढलं की डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं.

त्यानंतर माझं एकटीनं जाणं बंद झालं. कुणी मनाई केली नाही… मीच जाईना. नवरा म्हणाला, मी येतो सोबत. म्हणजे मी पुढे सायकलवर आणि तो मागे स्कूटरवर, मंत्र्याच्या ताफ्यासारखा! त्याचं मन मोडवत नव्हतं, पण शेवटी सांगितलं. सायकलवरच्या त्या वेळात मी कुणाची कुणीच नसते, आणि मला तेच हवं असतं. त्याला कळलं.

मग ट्यूबलेसचं डोक्यात घेतलं. टायरच्या आत ट्यूबच नाही. रिमला आतून टेप लावायची आणि टायरमध्ये सीलंट नावाचं पांढरं, पातळ औषध ओतायचं. भोक पडलं की ते तिथे जाऊन घट्ट होतं, असं व्हिडिओत दाखवतात. व्हिडिओत काय, सगळंच होतं…

घरी आम्ही दोघांनी हातपंप मारून मारून खांदे दुखवून घेतले, टायर काही रिमला धरेना. शेवटी चाकं घेऊन हायवेवरच्या ट्रकच्या टायरवाल्याकडे गेलो. "वैनी, आत ट्यूबच न्हाई, तर हवा भरू कशात?" तो म्हणाला. पण कॉम्प्रेसरची नळी लावली आणि ठाक… ठाक… टायर जागेवर बसले. थोडं सीलंट नवऱ्याच्या शर्टावरही बसलं.

तरी माझा विश्वास बसत नव्हता. मनाशी ठरवलं होतं, या खेपेला वाटेतून कुणाला बोलवावं लागलं, तर सायकल विकून टाकायची. आईला पुन्हा तसं गेटला उभं करायचं नाही.

तर रविवारी एकटी निघाले. कॅनॉलच्या कडेला एक मावशी शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या तोडत होत्या, आणि निम्म्या फांद्या रस्त्यातच. मला दिसेपर्यंत मी त्यांवरून गेले होते. उतरले, म्हटलं आधी पाणी पिऊ, मग बघू.

मावशींचं लक्ष माझ्या मागच्या चाकाकडे गेलं. "आगं बाय, माज्या शेरडांपायी तुज्या चाकात काटं घुसलं की! थांब, काढती."

मी तोंडाला लावलेली बाटली बाजूला करेपर्यंत त्यांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि चाकापाशी बसल्यासुद्धा. लेकराचा पाय मांडीवर घेऊन काटा काढावा, तशा मायेनं टोकरायला लागल्या. दोन बारके काटे निघाले. मग चांगला दाभणासारखा एक…

"मावशी, तो राहू द्या!" पण उशीर झाला होता.

फुस्स्स… आणि पांढरी चिळकांडी थेट त्यांच्या पदरावर.

"आगं बया, हिला दूध फुटलं!" मावशींनी घाबरून अंगठ्यानं भोक दाबून धरलं. "माज्या हातानं वाटुळं झालं गं तुजं…"

फोन आपोआप हातात आला, नवऱ्याचं नावही समोर आलं. चला, संपलं… एवढंच मनात. तेवढ्यात व्हिडिओतलं एक आठवलं. भोक खालच्या बाजूला आणायचं, म्हणजे औषध तिथे साठतं.

फोन गवतात टाकला. मावशींनी अंगठा काढला, मी चाक फिरवून भोक खाली आणलं आणि दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. आधी फुसफुस… मग बुडबुडे… मग एकेक थेंब… मग काहीच नाही.

मावशींनी पदरावरचं ते पांढरं बोटाला लावून चोळून पाहिलं. "चीक हाय ह्यो! पायात काटा मोडला की आमी रुईचा चीक लावतो. हिला कुणी आतनंच लावून ठिवलाय बग." मग चाकातल्या आणखी एका काट्याकडे पिन नेत म्हणाल्या, "ह्यो बी काढू व्हय?"

"नको!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की जवळची शेळी उडालीच.

त्या हसायला लागल्या. मी हसता हसता रडायला लागले.

"आता रडतीस कशाला? थांबली की हवा."

"म्हणूनच, मावशी…"

छोट्या पंपानं थोडी हवा भरली आणि निघाले. पुढे कॅनॉलचा पूल लागतो. तिथून डावीकडे घर, आणि पूल ओलांडला की डोंगराच्या कडेकडेनं जाणारा लांबचा रस्ता. तिथे थांबून घरी फोन केला. आईनं उचलला.

"आई, जेवायला माझी वाट बघू नका. मला उशीर होईल."

"पंक्चर झाली का गं?"

"झाली होती."

"मग?"

"बुजलं भोक. आपोआप."

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आई म्हणाली, "बरं. सावकाश ये."

एवढं ऐकलं… आणि मी पूल ओलांडला.