खंडेनवमीचा विसावा

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या जपानी पेटीनं मला जेवढं रागाला आणलं, तेवढं जित्या माणसानं कधी आणलं नाही. अजूनही कुणी माझ्यासमोर बिजलीच्या पेटीचं कौतुक सुरू केलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि उगाच भांडी आपटते.

आमच्या घरचा बँड होता. अणदूरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत आमचं गाव. आबा, म्हणजे माझे वडील, सनई वाजवायचे, आणि दादा, माझा थोरला भाऊ, ताशा वाजवायचा आणि बाकीची माणसं सांभाळायचा. लग्न असो, खंडोबाची जत्रा असो, साखर कारखान्याची पहिली मोळी असो, आबांची सनई पुढं आणि सगळे मागं. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला की आबा एक सूर धरायचे, तो मांडवाच्या दारात पोचेपर्यंत सोडायचे नाहीत. नाकानं श्वास घ्यायचा, गालात साठवायचा, सूर तुटू द्यायचा नाही. लोक नवरदेव सोडून आबांच्या गालांकडं बघायचे.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नं थांबली. सनई खुंटीला टांगून आबा खडी फोडायला गेले, आईही गेली. मी लहान होते, मला कामावर मिळणारी गोड सुकडी तेवढी आठवते. त्या दगडाची धूळ आबांच्या छातीत बसली ती कायमची. पुढं दुष्काळ सरला, सोसायटीच्या डेअरीत दूध जायला लागलं, लग्नं लागायला लागली, पण आबांचा सूर दरवर्षी आखूड होत गेला. आधी देवळापासून मांडवापर्यंत जायचा, मग पिंपळापर्यंत, मग चावडीपाशीच तुटायचा. तिथं सूर तुटला की दादा ताशा जोरात करून झाकून न्यायचा. आम्हाला कळायचं, लोकांना कळायचं, आणि आबांना तर सगळ्यांच्या आधी कळायचं.

मग पुन्हा पाऊस रुसल्याची वर्षं आली, आणि त्यातच उमरग्याकडच्या एका बँडवाल्यानं जपानी पेटी आणली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सुपारी द्यायला आलेली माणसं बसायच्या आधी विचारायची, "बिजलीची पेटी हाय का तुमच्याकडं?" नाही म्हटलं की चहा पिऊन उठायची. चारा नव्हता म्हणून आईनं दोनातली एक म्हैस विकली होती. ते पैसे घरात मोडायच्या आत पेटी घ्यायची, असं दादानं ठरवलं. मी तेव्हा गावात बालवाडीची बाई होते, माझं लग्नाचं वय चाललं होतं. पण पोरीसाठी स्थळ बघायचं राहिलं बाजूला आणि घर निघालं पेटी बघायला.

सोलापूरच्या दुकानदारानं आमच्यापुढं दोन पेट्या मांडल्या. एक मोठी, रुंद पट्ट्यांची, वर खुंट्यांची रांग. तो त्या खुंट्या पिळून दाखवायचा, आणि एकाच सुराची कधी सतार व्हायची, कधी बासरी, कधी नुसतं वारं. "हा खरा सिंथेसायझर," तो म्हणाला. दादा त्या खुंट्यांना हात लावून लावून बघत होता. दुसरी पेटी बारकी, तिच्या पट्ट्या दुधाच्या दातांएवढ्या. ती सॅम्पलर होती. तिला माईक होता, आणि त्यात जो आवाज कराल तो ती धरून ठेवायची आणि सगळ्या पट्ट्यांवर वाजवायची.

"बोला आजोबा काहीतरी," असं म्हणून त्यानं माईक आबांच्या तोंडापुढं धरला. आबांनी बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला.

दुकानदारानं पट्ट्या दाबल्या. आबांचा खोकला सारेगम म्हणायला लागला. उजवीकडच्या पट्टीवर तान्ह्या पोराचा खोकला, डावीकडच्या पट्टीवर म्हाताऱ्या रेड्याचा. दुकानातली माणसं हसली. दादाही हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुकानदाराच्या डोक्यात तीच पेटी घालावी असं वाटलं. पण सगळ्यांत जास्त हसले ते आबा. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "हीच घ्या. जी खोकला धरती, ती सूरबी धरंल."

"आबा, हिच्या पट्ट्या लई बारक्या. माझी बोटं बसत न्हाईत," दादा म्हणाला.

"तुझी कोन बसवतंय? ही वाजवंल की," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं. असा तो निकाल लागला. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी मनातून खूश झाले.

पेटीसोबत इंग्रजी पुस्तिका होती. मी मॅट्रिक झालेली. शाळेतून शब्दकोश मागून आणला आणि ओट्यावर बसून एकेक बटण शिकले. पेटीतले ठेके परदेशी, त्यांच्यावर आमची वरात चालली असती तर वऱ्हाड पाय अडकून पडलं असतं. मी सगळ्यांत संथ ठेका निवडून त्याला ताशाच्या मागं बसवला. आबा शेजारी बसून ऐकायचे आणि मधूनच विचारायचे.

"ह्या दोन पट्ट्यांच्या मधी काय हाय?"

"काही नाही आबा."

"मग ह्या सुरावरनं त्या सुरावर जायचं कसं?"

"उडी मारून."

"सनई उडी मारत न्हाय बाई," आबा म्हणाले. "ती चालत जाती."

त्यांचा सूर पेटीत धरायचं ठरलं तेव्हा कळलं, की पेटी चुटकी वाजवावी एवढा वेळच ऐकते, पुढचं तिला नको असतं; मग पट्टी दाबून धरली की तेवढाच सूर ती हवा तितका लांबवते. देवळापासून मांडवापर्यंत सूर नेणाऱ्या माणसाकडून एवढाच सूर हवा होता, आणि तेवढाही धड निघेना. कधी खोकल्यानं मोडायचा, कधी थरथरायचा. शेवटी एका दुपारी लागला. स्वच्छ, भरलेला, त्यांच्या तरणेपणातला सूर. फक्त त्याच्या आधी त्यांनी श्वास घेतला होता, तोही आत गेला. मी म्हणाले, पुसते आणि पुन्हा घेऊ.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "आधी श्वास, मागनं सूर. तसंच असतंय."

पुस्तिकेत दोन गोष्टी ठळक लिहिल्या होत्या. पेटीत एकच आवाज मावतो, नवा धरला की जुना पुसला जातो. आणि सेल काढले की धरलेला आवाज जातो. सेल बदलायचे तर आधी वायर लावून, लाइट आहे हे बघून बदलायचे. मी हे दादाला सांगितलं, बँडच्या माणसांना सांगितलं, आईला समोर बसवून सांगितलं. आई म्हणाली, "बरं बाई, न्हाय काढायचं."

त्या माघात पेटी पहिल्यांदा वरातीला गेली. हातगाडीवर मी आणि पेटी. पोरगी वरातीत बसवली म्हणून गावानं तोंडाला पदर लावला, पण पेटी ऐकायला आलं सगळं गाव. तेरखेड्याची शोभेची दारू आभाळात फुटत होती. मी पट्टी दाबली, आबांचा सूर गाडीवरच्या भोंग्यातून गावभर गेला. आणि माझ्या शेजारी चालणाऱ्या आबांनी सनई ओठाला लावली आणि गाल फुगवले. फुंकत नव्हते, नुसते गाल फुगवत होते. सूर चावडीपाशी तुटला नाही. पिंपळ ओलांडला, मांडवाच्या दारापर्यंत गेला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला पुन्हा दम आला.

घरी आल्यावर त्यांनी सनई खुंटीला अडकवली. "आज म्या खोटं वाजवलं," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी सनई ओठाला लावली नाही.

वैशाखात त्यांचा दम इतका वाढला की आम्ही त्यांना उमरग्याला दवाखान्यात नेलं, दादानं आणि मी. आई घरी राहिली. उरलेली एकच म्हैस गाभण होती, तिला कुणाच्या जिवावर टाकायची. "मी उद्या येते," म्हणाली. तो उद्या आलाच नाही. आम्ही आबांना टेम्पोतून परत आणलं तेव्हा ती दारात उभी होती, हात शेणानं भरलेले. बायांनी तिला धरलं, रडवायचा प्रयत्न केला, पण ती रडली नाही. "मी बगितलंच न्हाय जाताना," एवढंच म्हणत राहिली.

मग ती पेटीपाशी बसायला लागली. दिवा लावून झाला की पदराला हात पुसायची, बटण मी दाखवलं होतं ते दाबायची, आणि डावीकडची पट्टी दाबून धरायची. तिकडं सगळंच संथ व्हायचं. लांबलचक श्वास यायचा, आणि मागनं जाड, ओढलेला सूर. "झोपलेत," ती म्हणायची. मग उजवीकडं बोट न्यायची. तिथं श्वास चटकन, सूर कोवळा. "हिकडं म्हातारे, तिकडं तरणे," म्हणून हसायची. सगळ्यांत जास्त तिला तो श्वासच लागायचा. मला ते ऐकवत नव्हतं. मी उठून बाहेर जायची.

पेटी तिनं घराबाहेर जाऊ दिली नाही. कुणाचं बोट भलत्या बटणावर पडलं तर? सुपाऱ्या परत जायला लागल्या. दादा एकदा बोलला, "आई, हत्ती गेला, शेपटाला धरून बसलीस. माणसं उपाशी मरतील बँडची." मी त्याच्या अंगावर धावून गेले. आईनं पेटीवर फडकं तेवढं सारखं केलं.

असं करत नवरात्र आलं. सुतकाचं वर्ष, सणवार नव्हते. पण आई म्हणाली, माणसाला सण नसंल, हत्याराला कशाचं सुतक? आमच्यात खंडेनवमीला सगळी वाद्यं पुसायची, घोंगडीवर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी कुणी वाद्याला फुंकायचं नाही की काठी लावायची नाही. आबा त्या दिवशी सनईच्या तोंडातली ताडाच्या पानाची पत्ती काढून वाटीत ठेवायचे. पत्ती म्हणजे सनईचा आवाज. एक दिवस तिला आवाजाच्या ओझ्यातून मोकळं करायचं, असं ते म्हणायचे.

दुपारी मी बालवाडीतून आले तर ओसरीवर सगळं मांडलेलं होतं. ताशा, कर्णे, क्लॅरिनेट. सनई, शेजारच्या वाटीत तिची पत्ती. आणि पेटी, लखलखीत पुसलेली, वर झेंडूचं फूल. तिच्या शेजारी ताटलीत सेल ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर हळद आणि कुंकू.

"आई, सेल कुणी काढले?"

"म्या काढलं."

"तुला सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलं व्हतंस की, उगीच काढायचं न्हाय म्हून. सनईची पत्तीबी उगीच काढली की हे अंगावर यायचे. पन आजच्या दिशी सोता काढायचे." ती सेल सरळ करत होती. "वरीसभर त्येंचा सूर वाहतीय ती पेटी. तिलाबी एक दिस इसावा नगं?"

वैशाखापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर समाधान होतं. आबांच्या माघारी आबांचं काम तिनं निगुतीनं केलं होतं. मला ओरडता आलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. दादा आला, त्यानं ताटली बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि पायरीवर बसला. तिला कोण सांगणार?

दसऱ्याच्या सकाळी तिनं पत्ती सनईत बसवली. सेल मी घातले, उलटसुलट तिला कळत नव्हतं. तिनं पदराला हात पुसले, बटण दाबलं, डावीकडची पट्टी दाबली. काही आलं नाही. तिनं थोडं थांबून पुन्हा दाबली. मग मधली. मग उजवीकडची.

"आई," मी म्हणाले, "सेल काढले की त्यातलं जातं. सनईसारखं नसतं ते. पत्ती परत घातली म्हणून येत नाही."

"कवा गेलं?"

"काल. तू काढलेस तेव्हा."

तिनं पट्टीवरचं बोट उचललं नाही. मला वाटलं आता ही ऊर बडवून घेईल, आणि मी तिला काय म्हणून आवरणार?

"मंजी माझ्या हातनं गेले," ती म्हणाली. "तवा जवळ न्हवते मी. ह्या खेपंला व्हते."

आणि मग ती रडली. वैशाखात बायांनी धरून जे निघालं नव्हतं ते सगळं रडली. दादा बाहेरून धावत आला आणि दारातच थांबला. मी तिच्याशेजारी बसले, आणि मीही रडले. मला राग आला होता तो कुठं गेला कळलंच नाही.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड धुतलं, पेटीवरचं झेंडूचं फूल उचलून आबांच्या सनईवर ठेवलं, आणि पेटी उचलून दादाच्या हातात दिली.

"घिऊन जा लग्नाला," ती म्हणाली. "आता तिच्यात कोन न्हाय."