बोनेट उघडं असताना बोलायचं नाही

भिवा कासारेच्या गॅरेजला गॅरेज म्हणायचं ते केवळ सवयीने. काळाचौकीहून शिवडीकडे जाताना गोदामाची लांब भिंत लागते. तिला टेकून हत्यारांची एक लोखंडी पेटी, वर निळी ताडपत्री, एक बाकडं आणि एक स्टूल, एवढाच सगळा पसारा. बाकडं भिवाचं, त्याच्या उजव्या हाताचं स्टूल माझं. बंदराच्या गोदामात छत्तीस वर्षं पोती मोजून मी निवृत्त झालो आणि गेली सहा वर्षं रोज सकाळी त्या स्टुलावर बसून पेपर वाचतो. मोठ्याने वाचतो. भिवाचे हात ग्रीसने काळे, त्याला पेपर धरता येत नाही, म्हणून ही माझी सेवा. खरं सांगायचं तर मला मोठ्याने वाचायला आवडतं आणि घरी कोणी ऐकून घेत नाही.

भिवाचं नाव झालं ते त्याच्या कानामुळे. जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्या दुरुस्त करणारे आता मुंबईत शोधावे लागतात. बाकीचे मिस्त्री गाडीला कॉम्प्युटर लावतात, भिवा कान लावतो. बापाची गिरणी बंद पडली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. भायखळ्याच्या एका उस्तादाकडे कामाला लागला. उस्ताद त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा आणि चालू इंजिनासमोर उभं करून विचारायचा, बोल, कुठला सिलिंडर मार खातोय? चुकला की टपली. दोन वर्षांत टपल्या थांबल्या.

तेव्हापासून त्याचा एक नियम आहे. बोनेट उघडं असताना कोणी बोलायचं नाही. तो मान तिरकी करतो, डोळे मिटतो, आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाने हूं की चूं करायचं नाही. एका वकीलसाहेबांनी एकदा मध्येच फोन घेतला. भिवाने बोनेट धाडकन बंद केलं आणि म्हणाला, "पयले तुमचं बोलून घ्या. मग मी ऐकतो." दसऱ्याला सगळी मुंबई गाड्यांना झेंडूचे हार घालत असते, तेव्हा हा पांढरा सदरा घालून विहारात गेलेला असतो. त्या दिवशी गाडी बंद पडली तर ती तिच्या नशिबाने. गिऱ्हाइकं कुरकुरतात आणि दुसऱ्या दिवशी निमूट येतात.

असा हा तिरसट माणूस माझं वाचन मुकाट ऐकेल होय? मी मथळा वाचला की हा त्यातली खोट काढायचा. पुलाचं काम असो, गिरणीच्या जागेवरचे टॉवर असोत की क्रिकेट, माझं मत एक तर ह्याचं दुसरं. आमची रोज जुंपायची. पण गेल्या वर्षभरात त्याच्यात फरक पडला. मी काही बोललो की मान डोलवायचा. "हो ना," म्हणायचा. कधी "बरोबर." बीडीडी चाळीतलं घर जाऊन वरळीतच टॉवरमध्ये बाविसावा मजला मिळाला होता, म्हटलं उंचीवरून माणसाला माझं खरं दिसायला लागलं. अक्कल उशिरा आली, पण आली. मी मनातून फार खूश होतो, हे कबूल करतो.

मधूनमधून मी हाक मारली तर वळायचा नाही. मला वाटायचं, बाविसावा मजला, भाव खातोय.

दुर्गाबाई धैर्यवान आल्या त्या दिवाळीनंतर. गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. चोक असलेली पस्तीस वर्षांची पांढरी गाडी स्वतः चालवत आल्या. तक्रार साधी. वेगात असली की गाडी उत्तम, पण हळू केली, सिग्नलला थांबली, की दोन आचके देते आणि बंद पडते. लालबागच्या सिग्नलला मागचे लोक काय काय बोलतात, तेही त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं.

भिवाने बोनेट उघडलं, मान तिरकी केली, डोळे मिटले. आम्ही गप्प. मग म्हणाला, "कार्बोरेटरमध्ये कचरा हाय." त्याने जेट, म्हणजे कार्बोरेटरची बारीक भोकं, साफ केली, स्क्रू फिरवला, इंजिनाची रेस जराशी वाढवली. गाडी पळाली. आठ दिवसांनी परत आली. आता प्लग बदलले. पुन्हा दहा दिवसांनी परत. असं भिवाच्या बाबतीत मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला प्लग बदलून गाडी गेल्यावरच तो बाकड्यावर बराच वेळ नुसता हात पुसत बसला. एकच बोट पुन्हा पुन्हा पुसत होता. शेवटी म्हणाला, "ही गाडी माझ्याकडून झाली नाय, शामराव, तर पेटी विकून टाकतो. दुसरं काय येतं मला?"

मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस. त्याने उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या खेपेला दुर्गाबाईंची एक चूक झाली आणि त्याच चुकीने सगळं उघडं पडलं. भिवा गाडी चालू करायला आत वाकला आणि थांबला. ओढून धरलेल्या चोकच्या दांडीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला होता. चोक परत आत जाऊ नये म्हणून.

"हे काय, मॅडम?"

बाई लाजल्या. "चिमटा लावला की बंद पडत नाही हो. तुमच्याकडे येताना वळणावरच काढून ठेवते. आज राहिला."

"काढून का ठेवता?"

"अहो, पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरतोच ना. तसं."

एवढी शिकलेली बाई, डॉक्टरकडे जाताना ताप पुसून जावं तसं करत होती. मला हसू आलं. पण भिवा हसला नाही. त्याचा चेहरा उतरला. मला म्हणाला, "चोक ओढला की पेट्रोल जास्त जातं. तेव्हा चालते, म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे कुठून तरी फालतू हवा आत जातेय. हवा जात असंल तर ती वाजणार. वाजलीच पाहिजे."

त्याने चिमटा काढला आणि चोक आत ढकलला. बोनेट उघडलं, मान तिरकी केली, डोळे मिटले. इंजिन अडखळत चालू होतं. आम्ही दोघं नियमाप्रमाणे गप्प. भिवाने मान दुसऱ्या बाजूला वळवली. मग आणखी खाली वाकला, इतका की गाल पार इंजिनाजवळ गेला. इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं. त्याने बाईंना ते पुन्हा चालू करायला लावलं. मग डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"शामराव, काय ऐकू येतंय?"

बोनेट उघडं होतं. चाळीस वर्षांत त्याने असा प्रश्न कोणाला विचारला नसेल.

"फुस्स आवाज येतोय," मी म्हणालो. "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा."

"आजच?"

"पहिल्या दिवसापासून."

"मलाही येतोय," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या. "पण बोलायचं नाही ना."

भिवाने मान हलवली. "कुठून?"

मी बोट दाखवत गेलो, तो हात फिरवत गेला. इंजिनाच्या खालच्या अंगाला एक जुनी रबरी नळी होती, मागून चिरलेली. त्याने चिरेवर अंगठा दाबला. अडखळणारं इंजिन लगेच सरळ चालायला लागलं. अंगठा तसाच दाबून तो काही क्षण उभा राहिला. पेटीतून नवी नळी काढून बसवायला त्याला दहा मिनिटं लागली. गाडी निघाली, चिमट्याशिवाय. बाईंनी चिमटा मात्र बाकड्यावर ठेवला, म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याकडे."

त्या गेल्यावर भिवा बाकड्यावर बसला. "उजवा कान गेलाय," तो म्हणाला. "डाव्याला माणसाचं बोलणं कळतं, पण तोंड समोर पायजे. घरी बायकोला, कमलला, माहीत हाय. इंजिनाचं अजून येतं असं वाटत होतं मला. ते पण गेलं."

मला वाईट वाटलं, फार वाईट. आणि मग एक गोष्ट हळूहळू लक्षात आली.

"भिवा, मी पेपर वाचतो तो?"

त्याने बाकड्यावरचा चिमटा उचलला. "तुमचं तोंड पेपरच्या मागं असतं. वर्ष झालं, एक अक्षर ऐकू आलं नाय."

"मग हो ना, बरोबर म्हणायचास ते?"

"तुम्ही पेपर खाली केला की म्हणायचो. वाईट वाटलं असतं तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल उचलून त्याच्या डाव्या बाजूला ठेवलं. पेपराची घडी मांडीवर घेतली, तोंड त्याच्याकडे केलं आणि पहिला मथळा वाचला. वर माझं मतही सांगितलं.

भिवा माझ्या तोंडाकडे बघत होता. पूर्ण ऐकून झाल्यावर म्हणाला, "साफ चूक."

मी दुसरा मथळा वाचायला घेतला.