खुंटीवरचे मोजे

कल्पना करा, तुम्ही शाळेच्या दारात उभे आहात. घंटा व्हायला थोडाच वेळ उरलाय, समोर पोरांची झुंबड उडालीय आणि जो तो आपला फोन तुमच्या हातात कोंबतोय. बहुतेक फोन काळे, बहुतेकांचे कोपरे फुटके. शाळा सुटली की ज्याचा त्याला परत द्यायचा, तोही ढकलाढकलीत. कसं कराल?

शाळेतल्या शिपाई मावशींनी आधी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून पाहिल्या. खिडकीतल्या उन्हाने डिंक सुटला, चिठ्ठ्या गळाल्या आणि दोन मुलांचे फोन अदलाबदल होऊन घरी गेले. त्यातल्या एकाच्या आजीने दुसऱ्याला आपल्या गुडघेदुखीचं गाऱ्हाणं अगदी पहिल्या दिवसापासून ऐकवलं. पोरगं भलं, मध्येमध्ये "हो आजी" म्हणत राहिलं.

मावशींनी लगेच फर्मान काढलं, "प्रत्येकाने घरून एक मोजा आणायचा. जोडी नको, एकच. आणि धुतलेला."

जोडीदार हरवलेला मोजा कोणाच्या घरात नसतो? आता त्यांच्या खोलीत भिंतभर मोजे टांगलेत, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे, अंगठ्याशी भोक पडलेले. फोन मोज्यात, मोजा खुंटीला. पोर आपला मोजा दारातूनच ओळखतं.

फोनमधलं एवढं कळतं म्हटल्यावर घरचा तंटाही मावशींकडेच आला. त्यांची नात त्याच शाळेत तिसरीत. फोनसाठी तिने घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगा विकत घ्यायला निघालेला, सून काही केल्या तयार नाही. शेवटी आई म्हणेल ते, यावर दोघं आले.

जेवताना मुलाने विषय काढला. "आई, तू रोज इतकी पोरं बघतेस. सांग, हिला द्यावा का?"

मावशींचा घास हातातच राहिला. आजवर नाही म्हणायचं ते आईबापांनी आणि लाड करायचे ते आजीने, अशी घरात सुखाची वाटणी होती. आता एका शब्दावर नात तरी रुसणार, नाहीतर सून तरी.

"कशाला हवाय गं तुला?" त्यांनी नातीला विचारलं.

"सगळ्यांकडे आहे."

"सगळ्यांच्या डोक्यात उवाही आहेत."

सून खुदकन हसली. नात नाही. "आजी, विषय बदलू नकोस."

मावशी मुलाकडे वळल्या. "आणि तुला रे?"

"मला कुठे, तिला. म्हणजे शाळेतून निघाली, वाटेत उशीर झाला, तर कळायला नको?"

"ती माझा हात धरून येते."

"हो, पण तरी."

मावशी पाणी प्यायल्या. "मग घे. पण हिने हट्ट केला म्हणून नाही, तुला काळजी वाटते म्हणून. आणि हिला तसं सांग. शाळेत फोन माझ्याकडे, घरी आल्यावर हिच्या आईच्या कपाटात."

"हे चालेल, आई," सून म्हणाली. नातीच्या पदरात अर्धाच फोन पडला होता. पण तेवढा मिळाल्याबरोबर ती मोजा शोधायला पळाली.

तिचा पिवळा मोजा ओळीत शेवटी लागला. आजी असली तरी मधे घुसवायचं नाही. पहिल्याच दिवशी, वर्गात पाढे चालले असताना, तो मोजा थरथरायला लागला. मावशींनी फोन काढून पाहिला, तर 'बाबा'.

"बोल," त्या म्हणाल्या.

"आई? तू उचललास?"

"मग कोण उचलणार? ती वर्गात आहे. काही काम होतं?"

"नाही गं, सहज."

"जेवलास?"

"जेवतोच आहे. आज भाजी छान झालीय."

"मीच केलीय."

मग भाजीवरून साहेबाच्या तऱ्हांवर, तिथून सुनेच्या सर्दीवर गाडी गेली. तेव्हापासून रोज त्या वेळेला पिवळा मोजा थरथरतो. मावशी स्टूल ओढून ऐसपैस बसतात आणि मायलेकांच्या गप्पा रंगतात. इतकं ते घरी एका ताटाशी बसूनही बोलत नाहीत.

मावशींच्या कमरेला त्यांचा स्वतःचा फोन आहे. त्यावर मुलाने सहज म्हणून कधी फोन केलेला त्यांना आठवत नाही. आणि लेक त्या वेळी वर्गात असते, हे तर आता त्याला पक्कं ठाऊक आहे. मग पोरगा हा फोन लावतो तरी कोणाला?