उतारावरची चावी

माझी बदली उटनूरच्या कार्यालयात झाली, भांडाराच्या कामावर. तेव्हा मी घरी दोनच पर्याय मांडले. रोज मोटरसायकलने जायचं-यायचं, नाही तर तिथे खोली घेऊन फक्त रविवारी घरी यायचं. आमचं गाव गुडीहत्नूरच्या आत, हायवे सोडून. बस आहे, पण पहिल्या बसने गेलो तर हजेरीच्या मशीनवर अंगठा उशिराच लागतो. बायकोने दुसरा पर्याय ऐकून घेतला आणि ती वांग्याच्या टोपल्यांकडे वळली. आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. ती तोडते, मी तोलतो आणि बाजाराच्या ऑटोत चढवतो. लग्नापासून आमची सकाळ अशीच वाटलेली आहे. ती मोडू नये, असं दोघांनाही वाटत होतं.

माझ्या जुन्या कार्बुरेटरच्या गाडीला एवढी धाव झेपण्यातली नव्हती. म्हणून निर्मलहून एक वापरलेली, फ्युएल इंजेक्शनची गाडी आणली. आधीच्या मालकाने तिला हौसेने मोकळा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर बसवला होता. यामुळे इंजिनात हवा जास्त शिरते, पण गाडीचा स्वतःचा कॉम्प्युटर पेट्रोल जुन्याच हिशेबाने देतो. ती तूट भरायला सीटखाली एक बाहेरून घेतलेला डबा जोडलेला होता. त्यावर तीन स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रू ॲक्सिलरेटरच्या एकेका टप्प्याला किती पेट्रोल जादा द्यायचं ते ठरवतो. मला हे आवडलं. ज्या यंत्रात काय कशाने बदलतं ते सांगता येतं, त्याच्याशी माझं जमतं.

पहिल्याच आठवड्यात गाडीने दगा दिला, आणि नेमका एकाच जागी. उटनूरच्या वाटेवर जंगलात एक लांब उतार आहे, त्याला लागूनच चढ. उतार संपून चढ लागला की गाडी खोकायची, दम सोडायची, आणि मध्यावर बंद पडायची. मी बाजूला घ्यायचो, चावी काढायचो, प्लगची टोपी, तारा, पाइप बघायचो, पुन्हा चालू करायचो. मग ती शहाण्यासारखी थेट कार्यालयापर्यंत जायची. मी मनाशी नोंद केली की तापते आणि निवली की चालते. ही नोंद चुकीची होती, पण पुढची सगळी कामं मी तिच्यावरच रचली.

उशीर व्हायचा तो झालाच. साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं की महिनाअखेरपर्यंत वेळेवर यायला लागा, नाही तर मुक्काम इथेच करा. कार्यालयामागच्या गल्लीत एक खोली रिकामी असल्याचंही त्यांनीच सांगितलं.

आदिलाबादच्या मिस्त्रीने फिल्टर धुतला, पेट्रोलचा दाब मोजला, सायलेन्सरचा सांधा आवळला. डब्याच्या स्क्रूंचं काम मी माझ्याकडे ठेवलं. माझा नियम असा की एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून ठेवायचा. मधला स्क्रू थोडा फिरवायचा, चक्कर मारायची, प्लग काढून रंग बघायचा. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त, कॉफीसारखा म्हणजे बरोबर. गावाभोवतीच्या रस्त्यावर प्लग सुरेख कॉफीचा यायचा. उतारापुढच्या चढावर मात्र गाडी तशीच मरायची. बायको अंगणातून म्हणायची, "इंजेक्शन गाडीले देऊन राह्यले, का सोताले?"

शेवटी एका रविवारी खोली बघून यायचं ठरलं. बायकोला पाणी कुठून येतं ते स्वतः बघायचं होतं. आदल्या दिवशी तिने माळ्यावरून छोटी शेगडी, दोन पातेली आणि तवा काढून, घासून पडवीत ठेवले होते. निघताना मी ते बघितलं आणि हेल्मेट घातलं.

उतार लागला. मी सवयीप्रमाणे गाडी न्यूट्रल केली आणि चावी बंद केली. आमच्याकडे सगळे असंच करतात. माझे वडील करायचे, चुलते करायचे. उतारावर इंजिन चालू ठेवणारा माणूस आमच्या गावात उधळा समजला जातो. खाली पोचायच्या आत ॲक्सिलरेटरला थोडा पीळ देतच चावी फिरवली, गिअर टाकून क्लच सोडला. चढावर गाडी खोकली आणि उभी राहिली.

बायको उतरली. तिने चढाकडे बघितलं, मग उताराकडे.

"चावी काऊन बंद केली व्हती?"

"उतार हाय. पेट्रोल वाचते."

"रोजच करता?"

"रोजच."

"मंग एक डाव चावीले हात न लावता उतरून या. मी बसते इथं."

ती पळसाच्या सावलीत दगडावर बसली. मी गाडी पुन्हा चालू करून उताराच्या माथ्यावर परत गेलो, वळलो, आणि इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्येच ठेवून उतरलो. चढ लागला. गाडी तिच्यासमोरून सरळ वर निघून गेली. खात्रीसाठी पुन्हा एकदा चावी बंद करून उतरलो, तर बरोबर तिच्यापुढे येऊन बंद पडली. तिने फक्त पदर सावरला.

तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. तो बराच वेळ हसला, मग त्याने कारण सांगितलं. चावी फिरवली की तो डबा त्या क्षणी ॲक्सिलरेटर जिथे असेल तिथे शून्य धरतो. मी पीळ देतच चावी फिरवायचो, म्हणून डब्याला वाटायचं की मी फारसं मागतच नाही, आणि चढावर पेट्रोल कमी पडायचं. बाजूला थांबून, हात सोडून पुन्हा चावी लावली की शून्य आपोआप जागेवर यायचं. शिवाय ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरलं, तर इंजेक्शनची गाडी पेट्रोल तसंही स्वतःच बंद करते. म्हणजे वाचत काहीच नव्हतं.

खोली आम्ही बघितली. चांगली होती, नळ दाराशीच. घरमालकीणबाईंशी बायको बाजारातल्या तेलुगूत बोलली. मी एक आठवड्याची मुदत मागणार होतो. पण बायकोने त्याआधीच, घरी वांगी तोलायला माणूस लागतो असं सांगून खोलीला नकार दिला. मला हे घाईचं वाटलं. आधी आठवडाभर चालवून बघावं, असं मी परत येताना तिला म्हणालो.

"बंद पडली तं मला फोन करा," ती मागून म्हणाली. "मी सांगीन का करायचं ते."

तो आठवडा रोज अंगठा वेळेत लागला, पुढचाही. महिनाअखेर आली तेव्हा साहेबांनी खोलीचा विषय काढला नाही, मीही नाही. स्क्रूंना नंतर हात लावला नाही. प्लग अजून कॉफीचाच येतो. उतारावर मात्र माझा हात अजूनही चावीकडे जातो. मग तो हँडलवर परत ठेवतो आणि इंजिनाची घरघर ऐकत खाली उतरतो.

खोली बघून घरी पोचलो त्या रविवारी शेगडी पडवीतच होती. सोमवारी सकाळी टोपल्या ऑटोत चढवून झाल्यावर बायकोने ती माझ्या हातात दिली आणि माळ्याकडे बोट केलं. मी स्टूल आणलं.