थेंबमास्तरांची शेवंती

"इतक्या वर्षांत माझ्या हातच्या चहाला कधी बरं म्हणाला नाहीत, आणि आज मला म्हणता, दारू चाखून बघ!"

"अगं, नुसती ओठाला लाव आणि सांग."

"काय सांगू, कप्पाळ? जन्मात कधी प्यायले नाही मी!"

"म्हणूनच तर म्हणतोय. तुझं नाक चांगलं आहे."

"नाक चांगलं आहे म्हणून तर एवढी लांब उभी आहे!"

रविवारची दुपार होती. ओट्यावर तीन बाटल्या, बर्फाचं भांडं, लांब दांड्याचा चमचा आणि एक संत्रं, असा सगळा संसार मांडून थेंबमास्तर उभे होते. हॉटेलच्या बारमध्ये काउंटर सांभाळण्यात त्यांचे केस पांढरे झाले. पेयात एखादा अर्क घालायचा तर ते थेंब असा काही सोडत, की पाहणाऱ्याने श्वास रोखावा. नाव त्यावरूनच पडलेलं. बायकोला मग शेजारणी आपोआपच मास्तरीणबाई म्हणू लागल्या. घरात बाटली आणायची नाही, हा नवराबायकोतला जुना करार होता. तो मास्तरांनी या आठवड्यात पहिल्यांदा मोडला, आणि तोही चार बाटल्यांनी, तीन ओट्यावर नि एक पिशवीत.

कारण तसंच होतं. मध्यंतरी मास्तर तापाने पडले. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. जिभेला कडू, गोड, आंबट कळे, त्यापलीकडे सगळं कोरं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नाक गेलेला काउंटरवाला म्हणजे कान गेलेला गवई. त्याला कोण उभं करणार? हाताच्या सवयीवर त्यांनी दिवस रेटले होते. पण आता मालकांनी शेवंती नावाचं जुनं पेय पुन्हा मेनूकार्डावर आणायचं ठरवलं होतं. मूळ परदेशी नाव एका फुलाचं, म्हणून हॉटेलातले सगळे तिला शेवंतीच म्हणत. वर्मूथ नावाची कोरडी वाइन, त्यात जडीबुटीची गोड लिकर आणि वर बडीशेपेच्या वासाच्या अ‍ॅबसिंथचे थेंब. सगळी जादू वासाची. उद्या दुपारी मालक स्वतः चाखणार होते.

"दे रे इकडे, मी बघते," कोपऱ्यात वाटाणे सोलत बसलेली आई म्हणाली. तिने घोट घेतला, मग दुसरा घेतला. "चांगलं आहे की! बडीशेपेचा काढाच जणू. घसा मोकळा झाला."

"आई, बेताने."

"औषधाला कसला आलाय बेत?" म्हणत तिने ग्लास अर्धा केला.

आईच्या शिफारशीत काही अर्थ नव्हता. लहानपणी मास्तरांनी पाटीवर काढलेली म्हैस हत्ती समजून तिने गल्लीभर मिरवली होती.

शेवटी मास्तरीणबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. त्यांनी ग्लास हुंगला. कपाळाला आठी पडली. मग वर्मूथची बाटली हुंगली.

"ही कुठे ठेवली होती?"

"वर, कपाटात. दुधाशेजारी फ्रिजमध्ये नको, असं तूच म्हणालीस ना?"

"शेगडीच्या वरच्या कपाटात? अहो, उतरलीय ही! कुजक्या सफरचंदांचा वास मारतोय. आणि त्यावर बडीशेपेचा हा भडिमार. तुम्हाला कळलं नाही?"

मास्तरांनी ग्लास नाकाशी नेला. वर्मूथ म्हणजे शेवटी वाइनच. उघडलेली बाटली हॉटेलात कुणी बाहेर विसरलं, तर हेच मास्तर त्याला फैलावर घेत.

"हो, थोडी उतरलीय खरी," ते म्हणाले. "नवी बाटली आहे पिशवीत. ती फोडतो."

"थांबा, मीच देते." मास्तरीणबाईंनी पाठ फिरवून पिशवी वाजवली, एका वाटीत घोटभर ओतलं आणि पुढे केलं. "आता बघा."

मास्तरांनी वाटी हुंगली, जिभेला लावली, मान डोलावली. "हां. ही ताजी. फरक लगेच कळतो."

"ही तीच आहे हो," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी वाटी पुन्हा नाकाशी नेली.

"परवा शेगडीशेजारी बसून दूध करपवलंत, तेव्हा मी किती बोलले तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तापापासून ना?"

मास्तरांनी होकाराची मान हलवली. बायको आता तोंडाचा पट्टा सोडेल म्हणून ते वाट बघत होते. तिने सोडला नाही, याचीच त्यांना जास्त भीती वाटली. तिने नवी बाटली खरोखरच फोडली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"करा. मी आहे ना."

मास्तरांनी वर्मूथ मापली, तिच्या निम्मी लिकर घातली, बर्फावर चमचा फिरवला. हात अजून तसाच होता, न वाजता फिरणारा. मग त्यांनी अ‍ॅबसिंथची बाटली कलती केली. मास्तरीणबाई भांड्यावर वाकल्या.

"एक. अजून काही नाही. दोन. हां, आली. तीन... बस, बस! आता बडीशेप दारात उभी आहे, तिला आत घेऊ नका."

पेय गाळून, संत्र्याची साल वर पिळून मास्तरांनी ग्लास पुढे केला. मास्तरीणबाईंनी डोळे घट्ट मिटून घोट घेतला, रेचक घ्यावं तसा. मग एक डोळा उघडला.

"आधी कडू. मग मधासारखं. मागाहून वाळल्या गवतासारखं काहीतरी राहतं. वाईट नाही हो." आणखी एक घोट घेतला. "झालं तर मग! तीन थेंब, पाठ करून टाका. उद्या डोळे मिटून करा. कुणाला काय कळतंय?"

"उद्याचं निभेल गं."

"मग?"

"एक बाई येतात शनिवारी. शाळेतून निवृत्त झालेल्या. खिडकीशी बसून एकच ग्लास घेतात, माझ्याच हातचा. गेल्या वेळी अर्धा ठेवून उठल्या. मी विचारलं, काही चुकलं का? तर म्हणाल्या, 'तुमचं कसं चुकेल मास्तर? वय झालं, माझ्याच तोंडाची चव गेली असेल.'" मास्तर चमचा पुसत राहिले. "आणि मी म्हणालो, होतं असं वयोमानाने."

आईने वाटाण्यांची परात बाजूला सारली. "अरे, काय झालं? मला कुणी सांगेल का?"

मास्तरांनी चमचा खाली ठेवला.

"उद्या मी मालकांना सांगणार आहे, मला वास येत नाही. काउंटरवर दुसऱ्याला उभं करा म्हणणार आहे."